निळी लाईट आणि हिरवी तोंडं

तोंड तपासणारा डॉक्टर म्हणजे लोकांना गप्प बसवणारा माणूस, असं तुम्हाला वाटत असेल. छे! खुर्चीत बसण्याआधी आणि उठल्यावर आमचे पेशंट एवढं बोलतात, की कॅम्पवरून गोंदियाला परतताना गाडीत सामानापेक्षा किस्सेच जास्त असतात.

काम तसं साधं. खोलीत अंधार करायचा, तोंडात निळी लाईट टाकायची आणि खास काचेतून बघायचं. निरोगी भाग हिरवा चमकतो. कुठे काळा डाग दिसला, की मी काच पुसून पुन्हा बघते. प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो, पण तुकडा काढून तपासावाच लागतो.

*

कुडव्याचा एक ऑटोवाला. आमच्या शोभा सिस्टरने त्याला तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून, चूळ भरून यायला सांगितलं. गेला, खळखळून चूळ भरली, आला. तोंड उघडलं तर आत पुन्हा खर्रा!

"अरे, आत्ताच थुंकलास ना?"

"हो मॅडम. पण तोंड खाली खाली लागून राहिलं होतं ना!"

*

भातशेती करणाऱ्या एका शेतकऱ्याने हट्टच धरला, माझं तोंड मलाही दाखवा. मोबाइलवर फोटो काढून दिला. गाल, जीभ, सगळं हिरवंगार. बराच वेळ बघून म्हणाला, "येवढं हिरवं तं माह्या बांधीतला धानबी नाही!"

*

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिरोड्याकडच्या गावात एक बाई चिखलाच्या पायांनी शेतातून थेट आली. तपासलं, सगळं छान होतं. "झालं, उठा," म्हटलं तर ती हलेना. अंधार, पंखा, टेकायला खुर्ची... बाई गाढ झोपली होती, तोंड तसंच उघडं! मला तिला उठववेना. बाहेर रांग कुरकुरायला लागली, तशी शोभा सिस्टर दारात जाऊन ठणकावून म्हणाली, "लाईट चार्ज होऊन राहिली! थांबा जरासे!"

*

कामठ्याचे एक आजोबा. जिभेच्या कडेला काळा डाग. तुकडा तपासला तर कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. नागपूरला ऑपरेशन झालं. दर खेपेला आजी सोबत असायच्या. त्या स्वतः तंबाखूची गुडाखू दातांना घासायच्या, म्हणून मी दर वेळी मागे लागायची, "आजी, तुमचंही तोंड बघू या."

"मले काय होते? तू त्याचं पाह्य!" असं म्हणून त्या तोंड फिरवायच्या. एकदा तर मी चिडलेसुद्धा.

परवा आजोबा पुन्हा तपासणीला आले. मी अंधार करून लाईट टाकली. जिभेची कड हिरवी! मी आजींना बोलावलं, काच त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"काळं नाही ना कुठं?"

"कुठंच नाही, आजी."

आजींनी पदराने डोळे पुसले. आजोबांना हाताला धरून उठवलं आणि त्यांच्या जागी स्वतः बसल्या.

"आता माह्यं पाह्य, बाई. आता काही निघालं तं माह्यं करायले बुढा हाये."