लक्सरला एकटीच

शामला धकाते नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसच्या दारावरून दोनदा पुढे निघून गेली होती. तिसऱ्या वेळी आतल्या मुलीने तिला काचेतून पाहिलं आणि हातानेच या म्हटलं, तेव्हा मग आत जाण्याशिवाय इलाज राहिला नाही.

मुलीचं नाव गार्गी. तिने पाणी दिलं आणि कुठे जायचंय ते विचारलं. शामलाने वाक्य घरून तयार करून आणलं होतं, इजिप्त, लक्सर, दोन हजार सत्तावीसच्या ऑगस्टमधलं खग्रास सूर्यग्रहण. पण तिच्या तोंडून शब्द नाकातून निसटत येतात. ग, प, स ही अक्षरं तर कधीच धड हाती लागत नाहीत. गार्गीला पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तिने संकोचत कागद-पेन पुढे केलं आणि शामलाने लिहून दिलं. याचं तिला वाईट वाटत नाही. आयुष्यभर निम्मं बोलणं तिने असं लिहूनच केलं आहे.

किती जण, असं गार्गीने विचारलं. शामलाने एक बोट वर केलं. मिस्टर येणार नाहीत का? मिस्टर नाहीत. मग एखादी मैत्रीण, बहीण? शामलाने मान हलवली. गार्गीने समजावून सांगितलं की खोल्या दोघींच्या असतात, तुमच्यासारखीच कोणी एकटी बाई मिळाली तर सोबत लावून देऊ. आणि पासपोर्ट आहे ना? तो नव्हता. आधी तो काढा, मग या, असं सांगून तिने लक्सरचं एक रंगीत पत्रक हातात दिलं. शामलाने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मेट्रोने टिमकीला परतली. आईला काही सांगितलं नाही. त्या दोघींत सांगण्या-विचारण्याची रीतच नव्हती.

टिमकीतलं धकात्यांचं घर विणकरांचं. माग आता नाही, वडीलही नाहीत. जिथे मागाचा खड्डा होता तिथे फरशी बसवून शामलाने स्वतःची खोली केली आहे. ती जन्मली तेव्हा मात्र माग चालू होता, वडील जागेश्वर त्यावर बसत आणि नवी सून पुष्पलता कांड्यांवर सूत भरून देई. त्या वर्षी, ऐंशी सालच्या फेब्रुवारीत, मोठं सूर्यग्रहण झालं. भर दुपारी नागपूरचे रस्ते ओस पडले, लोक दारं लावून घरात बसले. पुष्पलताला तेव्हा दिवस गेलेले होते. पुढे पावसाळा सरता सरता मुलगी झाली, ती वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेली. टाळूही उघडीच होती.

आजीने त्याच दिवशी निकाल दिला. सुनेने ग्रहण पाहिलं. नको म्हटलं तरी अंगणात वाळत घातलेलं सूत आणायला गेली आणि मान वर करून पाहिलं. आजी हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगे. ओली बाळंतीण आत पडून ऐके. जागेश्वर मागावर बसून ऐकत. पुढे सरकारी दवाखान्यात ओठ शिवला गेला, काही वर्षांनी टाळू. तिथल्या डॉक्टरांनी जागेश्वरांना सांगितलं की याचा ग्रहणाशी काही संबंध नाही, असं होतं, कोणाचा दोष नसतो. जागेश्वरांनी मान डोलावली, ते घरी आले आणि मागावर बसले. त्यांच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही.

गल्लीत शामलाला सगळे गिऱ्हाण, म्हणजे ग्रहण, म्हणत. शाळेतही तेच नाव गेलं. मागून झालेला भाऊ वैभव धडधाकट, त्यामुळे दोष आईचाच हे अधिक पक्कं झालं. मोठेपणी स्थळं आली, म्हणजे दोन-तीनदा माणसं येऊन पोहे खाऊन गेली. दर वेळी कोणीतरी पुष्पलताला हळूच विचारी, जन्मतःच का, आणि मग कसं झालं. दर वेळी पुष्पलता खाली बघे. आजी होती तोवर उत्तर आजीने दिलं. नंतर स्थळंच यायची थांबली.

शामलाने टपाल खात्याची परीक्षा दिली आणि स्टेशनाला लागून असलेल्या आरएमएसमध्ये, रेल्वेच्या टपाल कचेरीत, लागली. तिथे टपाल गावांप्रमाणे वेगळं करायचं असतं, हात चालू ठेवायचे, तोंडाची गरज नाही. उमरेड, पारशिवनी, कन्हान, रायपूर, कोलकाता. सोबतचे लोक चांगले आहेत. चहाला बोलावतात. पण गप्पा रंगल्या की शामलाच्या बोलण्याला सगळे थांबतात, कान पुढे करतात, आणि तिला ते नको वाटतं. म्हणून ती हसते आणि कप घेऊन आपल्या जागेवर येते. वर्षानुवर्षं असंच चाललं आहे.

या सगळ्यात तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती. लहानपणापासून तिच्या मनात एक चित्र होतं. अंगणात एक तरुण बाई उभी आहे, हातात ओल्या सुताच्या लडी आहेत, गल्ली रिकामी, सगळी दारं बंद, आणि ती एकटी मान वर करून काळ्या पडत चाललेल्या सूर्याकडे बघते आहे. पोटात आपण. शाळेत विज्ञान शिकल्यावर शामलाला कळलं की ओठाचं कारण ते नव्हे. पण ती बाई मनातून गेली नाही. घरात चुलीपाशी खाली बघत वावरणारी आई वेगळी आणि ती वेगळी. आपल्या आईने जे पाहिलं ते आपणही एकदा पाहायचं, आणि तेही पुरतं झाकलेलं, असं शामलाने फार पूर्वी ठरवून टाकलं.

दोन हजार नऊमध्ये तो योग जवळ आला होता. जुलैमध्ये जबलपूरला खग्रास दिसणार होतं. ऑफिसचं काम आहे असं घरी सांगून ती गाडीत बसली. पहाटे ग्वारीघाटावर पोचली तेव्हा नर्मदेवर स्नानाला हजारो माणसं जमली होती आणि आभाळ भरून आलेलं होतं. शेवटपर्यंत ढग हलला नाही. एकाएकी अंधार उतरला, घाटावरचे दिवे लागले, कोणीतरी शंख फुंकला, माणसं पाण्यात शिरली. शामला पायरीवर उभी राहून वर बघत होती. ढग काळा झाला, मग राखाडी, मग पांढरा. सूर्य कुठे होता तेही कळलं नाही. एवढ्या गर्दीत वर पाहणारी बहुधा ती एकटीच होती. तरी तिला एकटं वाटलं नाही. ती मनातली बाई शेजारी होती.

लक्सर तिने निवडलं ते या ढगांमुळेच. तिथे ऑगस्टमध्ये आभाळ कोरडं असतं, आणि सूर्य सहा मिनिटांहून जास्त झाकलेला राहणार आहे.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा शामला ड्यूटीवर होती. त्याने पुष्पलतालाच विचारलं, मुलगी कुठं जाणार, कशाले. पुष्पलताला माहीत नव्हतं. संध्याकाळी शामला परतली तेव्हा आईने एवढंच विचारलं. शामलाने पर्समधलं पत्रक काढून दिलं. आईने चष्मा लावून ते वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून वैभवचा फोन आला. तो रागावला नाही, त्याला फक्त कळत नव्हतं. आता सगळं मोबाईलवर दिसतं, आईला एकटं टाकून एवढ्या लांब कशाला, त्यापेक्षा दोघी पुण्याला या, असं तो म्हणाला. शामलाने हूं म्हटलं. फोनवर ती एवढंच बोलते.

नंतर होळीच्या सुमाराला चंद्रग्रहण आलं. नागपुरात चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. पुष्पलताने नेहमीसारखं सगळं पाळलं. स्वयंपाक आधी उरकला, पाण्यात तुळशीची पानं टाकली, खिडक्या लावल्या. शामला गच्चीवर गेली. पाण्याच्या टाक्यांमागून चंद्र वर आला, एका बाजूने कुरतडलेला, तांबूस. ती पाहत उभी असताना जिन्यात पावलं वाजली. आई भिंतीला धरून वर येत होती. ग्रहणात घराबाहेर आलेली आई शामलाने कधी पाहिली नव्हती.

पुष्पलताने चंद्राकडे पाहिलं नाही. टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि दम खाऊन म्हणाली, "शामला, मी त्या दिवशी बाहेर गेलीच नव्हती वं."

कोणत्या दिवशी, ते शामलाला चटकन कळलं नाही.

"तुही आजी सांगे ना, आंगणात गेली, वर पाह्यलं म्हून. मी नाही गेली. दुपारपासून मले आतल्या खोलीत बसवलं होतं. खिडकीत पोते कोंबले होते. पाय लांब ठेव, हात हलवू नको, खाजवू नको. मी तशीच बसून राहिली होती. माह्या अंगावर उजेडाची तिरीप नाही पडली."

"मग आजी काहून तसं सांगे?"

"तिनंच तर बसवलं होतं मले. सारं पाळलं अन् तरी पोट्टी अशी झाली, हे कोणाले सांगन ती? तिले मी सापडली."

बाबांना माहीत होतं का, असं शामलाने विचारलं. पुष्पलता म्हणाली, ते त्या खोलीच्या दाराशीच बसले होते.

शामलाला आणखी एक विचारायचं होतं. ते तिने दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा आवाज नाकातच राहिला. "मले काहून नाही सांगितलं?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तू चौथीत होती. पोट्टे चिडवून राहिले होते तुले गल्लीत. तू त्याईले म्हणाली, माह्या आईनं सूर्य झाकताना पाह्यला हाये, तुमच्या आईची हाये का हिंमत? मी दारात उभी होती. तेवढं एक सांगताना तुही मान वर होती. ते मी कसं काढून घेऊ?"

तोवर चंद्र मोकळा झाला होता. आई भिंत धरून खाली गेली. शामला मागोमाग गेली नाही.

त्यानंतरचे दिवस तिला कठीण गेले. आजीवर राग यायला हवा होता, वडिलांवरही, पण राग आला नाही. फक्त ते अंगण रिकामं झालं होतं. सुताच्या लडी घेऊन उभी असलेली बाई तिथे नव्हती, कधीच नव्हती. बंद खोलीत पाय लांब करून बसलेली, घाबरलेली एक पोर होती. जबलपूरच्या घाटावर आपण खरोखरच एकट्या होतो, हे शामलाला इतक्या वर्षांनी कळलं. ऑफिसात टपाल वेगळं करताना तिचे हात चुकू लागले. गार्गीचे दोन फोन आले, ते तिने घेतले नाहीत. पासपोर्ट आला आणि कपाटात पडून राहिला.

मग एका रविवारी भाजी निवडताना तिने आईला विचारलं, "तू चाल ना माह्यासंग. दोघी पाहू."

आईने नाही म्हटलं. गुडघे आहेत, विमान आहे, असं काही ती म्हणेल असं शामलाला वाटलं होतं. पुष्पलता मेथीच्या काड्या मोडत राहिली आणि म्हणाली, "मले नाही पाहाचं. न पाहताच मले पुरलं ते. तू माह्यासाठी जाऊन राहिली असशीन तं नको जाऊ. तुले पाहाचं असन तं जा."

शामला दोन दिवस यावर विचार करत राहिली. आईसाठी नाही, त्या बाईसाठी नाही, मग उरलं काय? उरला तो सूर्य. घाटावर ढगामागे राहिलेला. तो पाहायचा होता का? होता. हे कळल्यावर बरं वाटलं असं नाही. पण ती धरमपेठेत गेली आणि नाव नोंदवून आली. ऑफिसच्या परवानगीसाठी अर्ज केला. साहेबांनी वाचून वर पाहिलं आणि सही केली.

मे महिन्यात गार्गीने कळवलं की खोलीत सोबत मिळाली आहे, कन्हानच्या एक बाई आहेत, एकट्याच, त्यांना आधी फोनवर बोलायचंय. शामलाने लिहून कळवू का विचारलं. पण त्याआधीच दुपारी फोन वाजला. नाव यमुताई. नवरा खाणीत होता, आता नाही, मुलं नाहीत, असं त्यांनी आपणहून सांगितलं. आवाज खणखणीत, जरा जास्तच मोठा. शामलाने आपलं नाव सांगितलं. पलीकडे शांतता. ती ओळखीची शांतता होती. शामला फोन ठेवायच्या बेतात होती.

"बाई, जरा जोरानं बोला," यमुताई म्हणाल्या. "मले कमी ऐकू येते. खाणीजवळ जन्म गेला ना. कोणाचंच एका वेळी समजत नाही मले."

शामलाने पुन्हा नाव सांगितलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा ते पोचलं. मग यमुताईंनी विचारलं की तिथे उन्हात डोक्याला काय बांधायचं, पाणी विकत मिळतं का, जेवणात भात असतो का. प्रत्येक उत्तर शामलाला दोन-तीनदा द्यावं लागलं. शेवटी ती अक्षरशः ओरडत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पाहत राहिली.

"अन् तुम्ही काहून चालल्या जी?" यमुताईंनी विचारलं.

"पाहाचं हाये म्हून," शामला म्हणाली.

"काय?"

"पाहाचं हाये."

"हो ना," यमुताई म्हणाल्या, "मले बी." आणि मग त्या औषधांचा डबा हातातल्या पिशवीत नेऊ देतात का, ते विचारू लागल्या.