सरणमाय चेटकीण नव्हती

पौर्णिमाचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या कॉलेजात, ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. "सर, शशीताई गेल्या," एवढंच ती म्हणाली. पौर्णिमा ही शशिकला ढोके यांची शाळेतली विद्यार्थिनी, पुढे त्यांच्या नाटकातली जोडीदार, आणि शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं तिनेच केलं. मिळाली ती बस धरून मी पांढुर्ण्याला उतरलो, तर चौकात बॅनर आधीच लागलेलं होतं. 'आमची सरणमाय हरपली.' कोपऱ्यात शशीताईंचा पासपोर्ट साइजचा फोटो. आणि मधोमध, माणसापेक्षा मोठी, सरणमायच्या नावाने मोबाईलवर आलेल्या एका हिंदी मालिकेतली बाई. पांढरे डोळे, ओठाबाहेर आलेले सुळे, हनुवटीवरून ओघळलेलं रक्त. खाली सांस्कृतिक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले चेहरे. शेजारी उभा असलेला संत्र्यांचा गाडीवाला मला म्हणाला, "फोटो जबरदस्त टाकला न सर? लांबूनच दिसते." त्याला काही आठवडे झाले. राग उतरेल मग लिहू, असं ठरवलं होतं. तो उतरला नाही, म्हणून आता तसंच लिहितो आहे.

सरणमाय कोण, हे आमच्या दोन तालुक्यांबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसेल. ती खडी गंमतीतली म्हातारी. खडी गंमत म्हणजे डफ-ढोलकीवर उभ्याउभ्या होणारं आमच्याकडचं लोकनाट्य, ज्यात बाईचं सोंगही पुरुषच घेतो. ही म्हातारी भरल्या घराची मालकीण, चार मुलं, चार सुना, पण तिने स्वतःच्या सरणाची लाकडं अंगणात आधीच रचून ठेवलेली आहेत. त्या ढिगावर बसून ती कारभार करते. तिथेच सुपारी कातरते, तिथेच सुनांचे तंटे तोडते, पावसाळ्यात आधी लाकडं झाकते आणि मग नातवंडं. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना म्हणते, "बसा जी बसा, माह्या सरणावर बसा, अजून थंड आहे." मी ती पहिल्यांदा पाहिली लोधीखेड्यात, लहानपणी, डोमाजी नावाच्या शाहिराने केलेली. डोमाजी मिशी काढायला तयार नसत. पदर दातात धरून मिशी झाकायची आणि नेमका रागाच्या वाक्याला पदर सोडायचा, की लोक हसून लोळायचे. पण त्या हसण्याच्या अगोदर एक जागा होती. म्हातारीचा नवरा भर पावसात मरतो. घरात कोरडं लाकूड नाही. ती दारोदार जाते. डोमाजी जागेवरच उभे राहून नुसता चेहरा फिरवायचे आणि एकेक दार व्हायचे. कोणी म्हणे आमचंच ओलं आहे, कोणी म्हणे मालक घरी नाहीत, कोणी आतूनच खोकून दाखवी. प्रेत तसंच पडून राहतं. त्यानंतर ती आयुष्यभर लाकूड जमवते. बस, एवढीच गोष्ट. तिला मरणाची हौस नव्हती. तिला पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

शशीताईंनी ती भूमिका घेतली तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. वडील तिगावला रेल्वेत गँगमन, बौद्ध वस्तीतलं घर, शिकून शाळेत मास्तरीण झालेली घरातली पहिली मुलगी. बाईने सरणमाय करायची म्हटल्यावर मंडळात कुजबुज झाली. त्यांनी दात काळे केले नाहीत, केसांना पीठ लावलं नाही, पाठीत बाकही आणला नाही. ताठ बसायच्या. मी तालमींना जायचो. विचारलं, म्हातारी वाटणार कशी? म्हणाल्या, "वाटाले कायले पाहिजे सर? मी काही कोणाले भेव दाखवून राहिली का? घर चालवून राहिली." आणि दारोदारीच्या जागेला त्या थांबायच्या. प्रत्येक दाराशी, उत्तर मिळाल्यावरही, थांबायच्या. इतका वेळ की प्रेक्षकांत कोणीतरी अस्वस्थ होऊन खुर्ची सरकवायचं... मग पुढच्या दाराशी.

त्यांची एक रीत होती. ढिगातलं प्रत्येक लाकूड गल्लीतून मागून आणलेलं असायचं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या पौर्णिमाला घेऊन घरोघर जायच्या. कोणाकडे बाभूळ, कोणाकडे निंब, संत्र्याच्या बागेतली छाटणी तर बहुतेकांच्या परसात असतेच. प्रयोग झाला की ज्याचं लाकूड त्याच्या घरी. कोणतं कोणाचं हे त्यांच्या लक्षात राहायचं आणि द्यायला गेल्या की चहा व्हायचाच. नागपूरच्या एका दिग्दर्शकाने स्पर्धेसाठी हेच नाटक बसवलं, तेव्हा त्याने सरणमाय मुकी केली, काळं लुगडं नेसवलं, तोंडावर मुखवटा घातला. बक्षीस मिळालं. शशीताई पाहायला गेल्या होत्या. परतीच्या प्रवासात इतकंच म्हणाल्या, "चांगलं होतं. पण बाईले बोलूच नाही दिलं, अन् लाकडं सारी एकसारखी कापलेली." डोमाजींची मिशी त्यांना चालायची, हा मुखवटाही एक वेळ चालला. दोन्हीकडे ती निदान माणूस होती. ताईंचा धरून म्हातारीचे तीन चेहरे झाले, पण अंगणात येऊन बसायला कोणी घाबरत नव्हतं.

मग मालिकावाले आले. सावरगावच्या बाजूला, जाम नदीच्या काठावर, त्यांनी काही दिवस शूटिंग केलं. नटीला इकडची बोली शिकवायला म्हणून शशीताईंना बोलावलं होतं. त्या हौसेने गेल्या, म्हातारीची सगळी गोष्ट सांगितली. दिग्दर्शक पोरगा सभ्य होता, त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "मैडम, ये लकड़ी वाला पार्ट बहुत स्लो है।" दुसऱ्या दिवशी त्यांनाच एक काम देऊ केलं. गावातली एक बाई, जिने सरणमायकडे बोट दाखवून 'डायन' म्हणून ओरडायचं. शशीताई घरी निघून आल्या. मालिका आली तेव्हा आम्ही ती पौर्णिमाच्या मोबाईलवर पाहिली. त्यात सरणमाय नातवंडं खाते, सरणावर झोपून तरुण होते, आणि शेवटी गाव तिला त्याच लाकडांवर जिवंत जाळतं. जाळणारे नायक. मागे शंख वाजतो. शशीताई चष्मा पुसत म्हणाल्या, "हिचे दात कायले वाढवले? म्हातारी आहे न बापा ते. माह्या वयाले असलेले दात पडून राहिले." आम्ही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

नंतर जे झालं ते मी नीट सांगतो, कारण चौकात फुलं वाहणाऱ्यांपैकी कोणीच ते सांगणार नाही. शशीताईंच्या गल्लीतली पोरं त्यांना 'डायन मॅडम' म्हणू लागली. आधी चेष्टेत. मग शिकवणीला येणारी लहान पोरं कमी झाली. एका अमावास्येला त्यांच्या फाटकासमोर कोणीतरी लिंबू-मिरची टाकून गेलं. निम्म्या गल्लीला ज्यांनी हात धरून अक्षर गिरवायला शिकवलं, ज्यांनी अंगात येणं आणि उतारा टाकणं यावर वर्गात आयुष्यभर प्रश्न विचारायला लावले, त्या बाईच्या दाराशी. त्यांनी ते लिंबू उचललं, धुतलं आणि सरबत केलं. मलाही दिलं. "महाग आहे सर आजकाल लिंबू," म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांचा आवाज मला बारीक वाटला.

त्यांनी ठरवलं की जुनं नाटक पुन्हा करायचं, शाळेच्या पटांगणावर, सगळ्या गल्लीला बोलावून. लोकांनी खरी सरणमाय पाहिली की हे मिटेल, असा त्यांचा विश्वास होता. आदल्या दिवशी त्या पौर्णिमाला घेऊन लाकडं मागायला निघाल्या. समोरच्या घरातल्या सुमनकाकू, ज्यांच्या परसातलं संत्र्याचं लाकूड प्रत्येक प्रयोगात ढिगाच्या वरच्या बाजूला असायचं, त्या दारातच उभ्या राहिल्या. "ताई, तुमच्याबद्दल काही नाही जी. पण घरात सून पोटुशी आहे. त्या बाईसाठी आता लाकूड कसं देऊ? तुम्हीच सांगा." शशीताई थांबल्या, नेहमीसारख्या. मग "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या. तिथे मालक घरी नव्हते. त्यापुढच्या घरी लाकूड ओलं होतं... पौर्णिमा सांगते, चौथ्या घरापासून ताईंना हसू फुटलं. डोमाजींच्या गंमतीतली उत्तरं लोक जशीच्या तशी देत होते आणि कोणालाच ते कळत नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. मंडळाचे अध्यक्ष भैयाजी म्हणाले, "थर्माकोलचे ओंडके आणून देतो ना मॅडम, टेन्शन कायले घेता?" त्यांनी नको म्हटलं. प्रयोग झालाच नाही. त्यानंतर त्या फारशा बाहेर पडल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय कमजोर झालं होतं. मी डॉक्टरांच्या शब्दाबाहेर काही म्हणत नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणानंतरच्या वंदनेच्या कार्यक्रमाच्या आधी मी ताईंच्या घरी होतो, तिथे भैयाजी माझ्याकडे आले. श्रद्धांजली म्हणून मंडळ सरणमायचा प्रयोग करणार होतं, शेवट मात्र मालिकेतला. "पब्लिकले तेच पाहिजे सर. जाळाचा सीन असला तर मैदान भरते. ताईंच्याच नावाची गर्दी होईल." मी आयुष्यात कोणाशी मोठ्याने बोललेलो नाही. त्या दिवशीही आवाज चढला नसावा. म्हणालो, "भैयाजी, ज्या बाईला तुम्ही जगू दिलं नाही, तिला तिच्याच नावाने जाळणार?" ते म्हणाले, "तुम्ही वाचणारे लोक, लगेच मनाले लावून घेता." पौर्णिमा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथेच सांगून आली की सरणमाय ती करणार, ताईंच्या अंगणात, मंडळाशिवाय.

लाकडं मागायला ती गेली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, मी दोन शब्द बोललो, आणि ती मोकळ्या अंगणात उभी राहिली. ढीग नाही, डफ नाही. गल्लीतली बहुतेक माणसं आली होती. तिने नवऱ्याच्या मरणापासून सुरुवात केली आणि दारोदारीच्या जागेला ती प्रेक्षकांकडे वळली. एकेका माणसासमोर जाऊन म्हणाली, "लाकूड आहे का जी, कोरडं? माणूस पडला आहे घरात." आणि थांबली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणी मोबाईल खिशात टाकला. भैयाजी खाली पाहत होते. सुमनकाकूंसमोर ती सगळ्यात जास्त थांबली. त्यांच्या मांडीवर सुनेचं तान्हं होतं. काकू उठल्या, बाळ सुनेच्या हातात दिलं, घरी गेल्या आणि परसातलं संत्र्याचं लाकूड दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. रडत होत्या. मला वाटलं आता पौर्णिमा ते घेईल, सगळे रडतील, आणि गल्लीचं मन हलकं होईल. पौर्णिमाने हात पुढे केला नाही. "राहू द्या काकू," ती म्हणाली, सरणमायच्या आवाजात की स्वतःच्या, मला कळलं नाही. "ज्यांनी मागतलं होतं, त्या गेल्या." आणि ती पुढच्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

काकूंनी लाकूड फाटकाच्या आत, भिंतीला टेकवून ठेवलं आणि निघून गेल्या. अजून ते तिथेच आहे. शशीताईंची पुस्तकं बांधायला मी आता दर रविवारी जातो, त्याच्या बाजूने आत शिरतो. साल सुटत चालली आहे, खालच्या टोकाला मुंग्या लागल्या आहेत. शशीताई असत्या तर संध्याकाळच्या आत ते समोरच्या घरी पोचलं असतं आणि काकूंच्या ओट्यावर त्यांचा चहा झाला असता. परत नेऊन द्यावं म्हणून मी हात लावूनही पाहिला एकदा. पौर्णिमा ओट्यावर पुस्तकांना सुतळी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. मी लाकूड होतं तसं ठेवलं आणि आत गेलो.