काचेवरची वाफ

कारखान्यात त्याला सगळे जावईबापू म्हणत. ऐकायला केवढं मानाचं! पण त्या मानापायी बिचाऱ्याला साधी नोकरी सोडायची सोय नव्हती. कारखाना सासऱ्यांचा, घर सासऱ्यांचं, जेवायला कुठे बसायचं तेही त्यांनीच ठरवलेलं. सासरे माणूस वाईट नव्हेत हो. वाईट असते तर भांडून तरी सुटला असता.

काम लेझरने पोलादी पत्रे कापण्याचं. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून इतका प्रखर उजेड जातो की पत्रा लोण्यासारखा कापला जातो. त्या तंतूचं टोक स्वच्छ ठेवणं, ही जावईबापूची जबाबदारी. तिथे बारीकसा डाग राहिला तरी तो उजेडाने तापतो, काच वितळते, आणि ठिणगी तंतूच्या आतून उलटी पळत यंत्राच्या पोटात शिरते. मग तंतूही गेला आणि यंत्रही.

सासऱ्यांचं पूर्वी चष्म्यांचं दुकान होतं. काच दिसली की तोंडाने हाऽऽ करून वाफ सोडायची आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायची, ही त्यांची जन्माची खोड. जावईबापूने एकदा अडवलं, तर कितीतरी दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं.

आता मात्र सुटका जवळ आली होती. त्याने आणि बायकोने दुसऱ्या गावी नोकरी शोधली, दोन खोल्याही पाहिल्या. पुष्कळ नाकदुऱ्या काढल्यावर सासरे म्हणाले होते, "हे मोठं काम पार पडू दे, मग खुशाल जा." ते काम आज संपायचं होतं.

सकाळी जावईबापू साफ केलेला तंतू यंत्राला जोडणार, तेवढ्यात सासरे आले. "बघू," म्हणून त्यांनी टोक हातात घेतलं, हाऽऽ केलं, सदऱ्याने पुसलं आणि परत दिलं.

पुन्हा साफ करावं तर ते समोरच उभे, म्हणजे तोंडावर चूक दाखवल्यासारखंच. आज रुसले तर सगळं मुसळ केरात. त्याने कमी ताकदीवर उजेड सोडून पाहिला. ठीक वाटलं. एवढा एक दिवस निभावेल, अशी मनाची समजूत घालून त्याने पूर्ण ताकद दिली.

थोडे पत्रे कापले गेले. मग चर्र झालं, आणि तंतूच्या पिवळ्या वेष्टनातून एक झगझगीत ठिपका सरसर मागे गेला. यंत्रातून धूर निघाला.

"टोक कोणी साफ केलं होतं?" सासऱ्यांनी विचारलं. स्वतःची वाफ त्यांना आठवतही नव्हती. सवयीचं कोण लक्षात ठेवतं?

सगळे कामगार बघत होते. "मीच," जावईबापू म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. चूक पोटात घातली. आपण मिळून पुन्हा उभं करू. आता जायचं नाव काढू नका, जावईबापू. लोक काय म्हणतील, नुकसान करून पळाला?" आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

संध्याकाळी बायकोने खोलीचं दार लोटून घेतलं. "खरं सांगा. बाबांनी पुसलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आजच्या दिवशी त्यांना राग यायला नको म्हणून."

"त्या खोल्या नको म्हणून उद्या कळवते," ती म्हणाली, आणि पानं घ्यायला उठली. बाबा जावयासाठी जेवायचे थांबले होते.