घराखालची नानी

"वर कशाला? घराखाली बस, बेटी," असं म्हणायचं आणि हॅमॉकच्या झोळीत अंग चोरून मला जागा करून द्यायची, ही नानीची रीत. घराखाली म्हणजे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या तिच्या लेकीचं गॅरेज. शटर वर, गाडी बाहेर, आणि आत ही बाई आपली झुलतेय. बोलणं सगळं इंग्रजीत. 'बेटी' तेवढं आपलं.

नानी गयानाची. नकाशात व्हेनेझुएलाला चिकटलेला, बोटाखाली झाकला जाणारा देश. तिच्या पणजोबांना उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून नेलेलं. तिच्या किनाऱ्यावर भरतीचा समुद्र जमिनीपेक्षा उंच. मध्ये नुसती एक भिंत. म्हणून घरं खांबांवर, आणि संसार खालच्या सावलीत. स्वयंपाक तिथे, भांडणं तिथे, नानीचं लग्नही तिथेच लागलं. लेकीने हौसेने बेसमेंट सजवून दिलं, तर एक रात्र राहून ही वर आली. म्हणाली, जमिनीखाली रताळी राहतात.

आम्हा मराठी मंडळींना तिची भारी दया यायची. बिचारी मायदेशाला मुकली! गणपतीत कुणीतरी विचारलं, घरी जावंसं वाटतं का? नानीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं, आमच्या डॉक्टरकाकांनी तिला आपल्याबरोबर काशीला न्यायचं ठरवूनच टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "तिथून माझं घर जवळ पडेल का?"

काकांनी मोदकांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

त्या हिवाळ्यात तिच्या गावात पूर आला. पाणी आठवडेच्या आठवडे हटेना. इकडे दारात बर्फ, आणि नानी कोट घालून गॅरेजमध्ये फोन धरून बसलेली. लेक म्हणाली, आता ते घर विकून टाकू. नानी म्हणाली, विकायचं नाही, मी जाते. नागपूरचं आमचं घर आम्ही नुकतंच विकलं होतं, तिथे बघायला कोण आहे म्हणून.

"नानी, या वयात चिखल उपसणार आहेस?" एवढंच मी विचारलं. ती जायला नको होती मला.

"पाणी घराखाली आलंय, बेटी. घर वरच आहे."

बर्फ वितळायच्या आत ती गेली. हॅमॉक घेऊन गेली. आता संध्याकाळी शटर वर जातं, गाडी आत शिरते, शटर खाली येतं. त्या वेळी मला तिची फार आठवण येते.

एकदा तिचा फोन आला. चिखल धुऊन काढलाय, हॅमॉक टांगलाय. मागे कोंबडा आरवत होता.

"तू कधी जाणार घरी, बेटी?"

"पुढच्या वर्षी, नानी," मी सवयीने म्हटलं.

कुठे, ते तिने विचारलं नाही.