जानकाबाईचे हात

सासू-सुनेचं सूत कसं जमावं ते पाहायचं असेल तर येडगावात जानकाबाईच्या घरी जा, असं लोक म्हणायचे. सून तेजस्विनी, माहेर डिंभ्याचं. तिचे केस कमरेच्या खाली यायचे आणि दर रविवारी ते जानकाबाईच धुवायची. सुनेला मोरीत पाटावर बसवायचं, शाम्पूची पुडी दातानं फोडायची आणि कोपरापर्यंत फेस चढेस्तोवर डोकं चोळायचं. जानकाबाईनं स्वतः आयुष्यभर कपड्याच्या साबणाच्या वडीनं केस धुतले होते. "माजं झालं ते झालं, माज्या सुनंला शाम्पूच," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

"अशानं डोक्यावर मिऱ्या वाटंल हो सून," शेजारणी म्हणायच्या.

"वाटू द्या. माजं डोकं हाय."

मग तेजस्विनीच्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात औषधं सुरू झाली आणि ते सगळे केस गळून गेले. तरी रविवार आला की ती विचारायची, "आई, डोकं धुता ना?" जानकाबाई त्या बोडक्या डोक्यावर कोमट पाणी सोडायची, थेंबभर शाम्पू लावून हलक्या हातानं चोळायची. तेजस्विनी डोळे मिटून बसायची. पुढं एका रविवारी तिला पाटावर बसवतही आलं नाही, आणि त्याच आठवड्यात ती गेली.

वर्ष भरत आलं होतं. एका संध्याकाळी जानकाबाई भाकरी थापत होती आणि तेजस्विनीची सातवीतली लेक साक्षी बापाच्या मोबाईलवरचा मेसेज मोठ्यानं वाचत होती. शाम्पूला फेस आणणारं केमिकल डोक्याच्या कातडीतून रक्तात उतरतं आणि त्यानं बायकांना कॅन्सर होतो, आपल्या आई-बहिणींना वाचवायचं असेल तर पुढे पाठवा. खाली कुणा डॉक्टरचं नाव. ना गाव, ना पत्ता. जानकाबाईचा मुलगा कपिल घरोघरच्या वायरिंगची कामं करतो. त्याला तो मेसेज कुठल्याशा ग्रुपवर आला आणि त्यानं न वाचताच भावकीच्या ग्रुपवर ढकलला. घरातल्या म्हातारीशी दोन शब्द बोलायला ज्यांना फुरसत नसते, त्यांचा अंगठा या कामाला मात्र कधी दमत नाही.

"पुन्यांदा वाच," जानकाबाई म्हणाली. साक्षीनं वाचलं. तव्यावरची भाकरी करपली.

खिळ्याला टांगलेली पुड्यांची माळ तिनं त्याच वेळी चुलीत घातली. पण तेवढ्यावर भागलं नाही. त्या दिवसापासून ती नातीच्या डोक्याला हातच लावीना. वेणीसुद्धा घालीना. "बापाकडून घालून घे," म्हणायची आणि ओट्यावर आपले तळवे बघत बसायची. साक्षी वेडीवाकडी वेणी घेऊन शाळेत जायची, रडायची. कपिलला वाटलं, वर्ष भरत आलं म्हणून आईचं मन जड झालं असेल. आपण काय पाठवलं हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तेजस्विनीच्या पहिल्या वर्षाचा, पुण्यानुमोदनाचा दिवस आला. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून तेजस्विनीच्या फोटोपुढे फूल वाहू लागला. जानकाबाई उठली नाही. कपिलनं हातात फूल दिलं, तेही तिनं खाली ठेवलं. मागं बायका कुजबुजल्या, सासू ती शेवटी सासूच. तेजस्विनीची आई मंगल समोर बसली होती. तिनं ते पाहिलं आणि ऐकलंही.

डिंभ्याकडची एसटी त्या दिवशी आलीच नाही, म्हणून मंगल राहिली. दिवेलागणीला दोघी विहिणी ओट्यावर बसल्या तेव्हा तिनं विचारलं, "इहीणबाई, माज्या लेकीला फूल का न्हाई वाह्यलं?"

जानकाबाईनं दोन्ही हात पुढे केले. "या हातांनी वाहू? याच हातांनी मारली तुमची लेक. दर रविवारी इख चोळलं तिच्या डोक्यात. लाड म्हणून." आणि मेसेजमधलं सगळं तिनं घडाघडा सांगून टाकलं.

मंगलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजी आई ह्याच गाठीनं गेली. तिनं जल्मात शाम्पू बघितला नव्हता. राखंनं डोकं धुयाची. तिच्यामागं माजी थोरली भैन गेली."

"हे कंदी बोलला न्हाईत," जानकाबाई म्हणाली.

"दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं व्हतं, घरात आजून कुणाला व्हता का. मी न्हाई म्हनले. वाटलं, तुमी म्हनाल, रोगट घरची पोरगी आमच्या गळ्यात मारली. तुमी लई जीव लावला व्हता तिला. मला त्यात माती कालवायची नव्हती."

जानकाबाईला राग आला. चांगलाच आला. पण त्या रागाखालून छातीवरचा धोंडाही सरकला, आणि तो सरकला याचीच तिला लाज वाटली. मग तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आन माज्या साक्षीचं?"

"म्हनून तर सांगतीया. आता डॉक्टरपासून झाकायचं न्हाई. मोठी झाली की येळच्या येळी तपासायला न्यायची."

सकाळी जानकाबाईनं कपिलला पुढ्यात बसवून सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन विचारून येतो म्हणाला, आणि मोबाईल काढून तो मेसेज पुसला. ग्रुपवर गेलेला मात्र कुठवर पोचला असेल, कोण जाणे.

रविवारच होता. जानकाबाईनं फोटोपुढे फूल वाहिलं. मग साक्षीला दुकानात धाडून एक पुडी आणवली आणि तिला मोरीत पाटावर बसवलं. मंगल तांब्यानं पाणी ओतू लागली. जानकाबाईनं पुडी दातानं फोडली आणि हात नातीच्या डोक्यावर टेकवले. फेस मनगटावर आला, कोपराकडे चढला.

"माज्या लेकीचं असंच धुयाच्या?" मंगलनं विचारलं.

"असंच."

मंगलनं तांब्या खाली ठेवला, ते फेसानं भरलेले दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले.

"आजी," खालून साक्षी ओरडली, "डोळ्यात चाललंय, पानी टाक की!"