आठ दिवस आधीची तारीख

साल २०२४. माझं वय सहासष्ट. या वयात आमच्याकडची माणसं ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. मी पनवेलजवळ गव्हाणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सकाळच्या पाळीचा मुकादम होतो. शिक्षण चौथी. पण कंत्राटदार आमच्याच गावचा, आणि मी नसलो तर त्याच्या यार्डात सकाळी किती गोंधळ होतो ते त्याने एकदा बघितलं होतं. त्यामुळे मला घरी बसवायची भाषा कोणी केली नाही.

माझ्या हाताखाली बत्तीस माणसं. निम्मी आमच्या गावाकडची, बाकी बिहारी, उडिया, वजनकाट्यावर दोन बायका, आणि कंटेनर उचलणाऱ्या मशिनींची देखभाल करणारा पनवेलचा एक मुसलमान मेकॅनिक. नियम एकच, आणि तो मीच घातलेला. रजा हवी तर आठ दिवस आधी सांगायचं, एक तारीख सांगायची, मी ती वहीत लिहिणार. न सांगता राहिला की नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की कंत्राटदार माणूस काढून टाकणार. पूर्वी गावाच्या जत्रेला अर्धी पाळी सांगितल्याशिवाय गायब व्हायची, म्हणून हा नियम आला. माझ्या सख्ख्या पुतण्याच्या नावापुढेही मी लाल खूण केली होती. तो मशीन चालवतो, चाळिशीचा बाप्या आहे, तरी दोन महिने माझ्याशी बोलला नव्हता.

त्या मार्चमध्ये कंपनीने आम्हा मुकादमांना एसी हॉलमध्ये बसवलं. पुण्याची एक तरुण ऑफिसरबाई पडद्यावर चित्रं दाखवत होती. वेगवेगळ्या माणसांना बरोबर घेऊन कसं चालायचं, सर्वसमावेशक नेतृत्व म्हणजे काय, असं सगळं. मला जरा रागच आला. माझ्या पाळीत सगळी माणसं आहेतच की, मला काय शिकवता? तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे सगळ्यांना सारखी वागणूक मिळते?"

मी उभा राहिलो. "सगळ्यांना एकच नियम. माझ्या घरच्यालाही."

टाळ्या पडल्या. मी छाती काढून घरी गेलो.

एप्रिल उजाडला तेव्हा मेकॅनिक रजा मागायला आला. "काका, ईदसाठी. बुधवार किंवा गुरुवार."

"किंवा चालत नाय. एक वार सांग."

"चांद दिसल्यावर ठरतं काका."

"मग चांदाला सांग आठ दिवस आधी कळवायला."

बाजूला उभे असलेले हसले. तो हसला नाही. म्हणाला, "बुधवार लिहा." मी लिहिलं.

मंगळवारी पाडवा होता. आमच्या गावाकडची सगळी रजेवर, वर्षभर आधी ठरल्यासारखी. संध्याकाळी मी गुढी उतरवून आत ठेवली आणि अंगणात आलो, तर तो स्कूटर लावून उभा. सुनेने खुर्ची दिली, पाणी दिलं. तो बसला नाही.

"काका, चांद दिसला नाय. ईद गुरुवारी. उद्या मी कामावर येतो, परवाची रजा द्या."

"पाडव्याला कुठला चंद्र दिसणार?" मी म्हटलं. "आमचं आयुष्य मिठागरात गेलं. अमावस्या-पुनवेचं उधाण आलं की बापाबरोबर बांधावर उभा असायचो. मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

"तुमाला ठाऊक असून काय उपयोग? तो डोळ्यांनी दिसायला लागतो. मग मशिदीतून जमात सांगते, मग ईद."

"वहीत बुधवार हाय. आता बदलत नाय. नियम सगळ्यांना एकच."

 तो म्हणाला, "माझ्या नावापुढं दोन लाल खुणा हायत. त्या कुठल्या दिवसाच्या, कधी बघितलंत?"

"कारणं नकोत मला."

"तेव्हापण तुमी हेच बोललात." त्याने स्कूटरला किक मारली. "गुरुवारी मी नमाजला जाणार. तिसरी खूण करा. आठ वर्षं झाली या यार्डात, पण मुलांना घेऊन ईदला घरी राहायची चोरी आता नको."

सुनेने हे सगळं ऐकलं होतं. पाण्याचा तांब्या उचलताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, आपला पाडवा कॅलेंडरवर छापलेला असतो."

मी खुर्ची उचलून आत गेलो.

बुधवारी त्याची रजा होती तरी तो आला. रोजा धरलेला, वर एप्रिलचं ऊन, आणि हा मशिनीखाली आडवा. माझ्याशी बोलायला आला नाही. मी केबिनमध्ये वह्या काढल्या. मला वाचायला वेळ लागतो, अक्षरावर बोट ठेवून जावं लागतं. पहिली खूण दोन वर्षांपूर्वीच्या ईदची. रजा आदल्या दिवसाची लिहिलेली, आणि तरी रजेच्या दिवशी तो कामावर होता. दुसरी मागच्या वर्षीची. तिथे उलटं. खूण आधी, आणि रजा दुसऱ्या दिवसाची. त्याही रजेच्या दिवशी तो कामावर. एका वर्षी चंद्र उशिरा दिसला, एका वर्षी लवकर. आठ वर्षांत माणूस दोनच वेळा न सांगता राहिला होता, आणि तेही सांगून. मी ऐकलं नव्हतं, एवढंच.

गावाची जत्रा, होळी, गणपती, पाडवा, सगळं माझ्या केबिनच्या भिंतीवर टांगलेलं होतं. त्या भिंतीकडे बघून मी नियम केला होता आणि बत्तीस जणांना लावला होता. सगळ्यांना सारखा, म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. ज्याच्या बापाने चंद्राच्या भरवशावर मीठ पिकवलं, तो मी चंद्राकडे आगाऊ तारीख मागत होतो.

दुपारी त्याच ऑफिसरबाईंकडे गेलो. आता त्या यार्डाच्याच ऑफिसात बसत होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "काका, सिस्टीम आठ दिवसांच्या आतली रजा घेतच नाही. आणि हा नियम तर तुमच्याच सांगण्यावरून टाकलाय."

"माझाच हाय. म्हणून मीच मोडतो. ईदला दोन तारखा लिहायच्या. चांद दिसला की एक ठेवायची, एक सोडायची."

"उद्या मशीन बंद पडलं तर?"

"मी हाय ना."

"तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"तेल, पाणी, टायर, ग्रीस मी बघतो. मोठं काय झालं तर दुसऱ्या पाळीचा मेकॅनिक बोलवा. आमच्या जत्रेला बोलवताच ना?"

त्या जरा हसल्या. "बरं, उद्याचं करते. तुमच्या जबाबदारीवर."

"आणि मागच्या दोन खुणा?"

"काका, झालं ते झालं. जुनं कशाला उकरताय? कंत्राटदाराला काय सांगू?"

"त्या राहिल्या तर तो कायम एका खुणेच्या अंतरावर राहणार. ताप आला, गाडी पंक्चर झाली, की बाहेर."

"ते आत्ता नाही होणार," त्या म्हणाल्या आणि फोन घेतला.

पाळी सुटताना मी गेटपाशी सगळ्यांसमोर मेकॅनिकला थांबवलं. आठवडाभरापूर्वी सगळ्यांसमोर त्याची थट्टा केली होती, मग हेही सगळ्यांसमोरच. "उद्या तुझी रजा हाय. चूक माझी होती." माझ्या तोंडून असलं वाक्य घरच्यांनीही ऐकलेलं नाही.

तो म्हणाला, "आणि खुणा?"

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो रे, आता घरी जा, रोजा सोड."

पुतण्या वाटच बघत होता. "वा काका! आमाला लाल खूण आनि त्याला सूट? मग आमालाबी जत्रेला ऐन वेळेला सोडा."

"तुझी जत्रा कुठल्या दिवशी हाय ते तुला आता सांगता येतं का?"

"येतं ना."

"मग आठ दिवस आधी सांगायला काय झालं? त्याला सांगता येत नाय, म्हनून त्याला दोन तारखा. तुला सांगायचा आळस, त्याला मी काय करू?"

बाकीचे खो खो हसले. पुतण्या म्हणाला, "म्हातारा बिघडला." पण जाताना थांबून विचारलं, "उद्या मशीन कोन बघनार?" मी म्हटलं, मी. तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी यार्डात होतो. पाळी सुरू व्हायच्या आधी चारही मशिनींचं तेल बघितलं, टायर ठोकून बघितले, ग्रीस भरलं. मग केबिनमध्ये बसून दोन्ही लाल खुणांवर आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी माझी सही केली. नऊ वाजता ऑफिसरबाई आल्या. ती वही मी त्यांच्या टेबलावर उघडी ठेवली, त्यांच्या सहीसाठी पेन बाजूला ठेवलं, आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिलो.