न सांगण्याचा नवस

आजही कुणी दंड घट्ट धरला की मी आधी तो सोडवून घेते. निजामाच्या अमलातली गोष्ट. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून वाया गेले होते. दोन्ही वेळा मीच हुरळून गावभर सांगितलं होतं. म्हणून तिसऱ्या वेळी नरसीला जाऊन नामदेवापुढं नवस बोलले, की पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला सांगणार नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. सासूबाईंना संशय येऊ नये म्हणून दर महिन्याला कावळा शिवल्याचं खोटं सांगून तीन दिवस बाहेर बसत होते. काय धीट बाई म्हणावी!

चौथ्या महिन्यात डोकं असं ठणकायला लागलं, की भाकरी थापता थापता डोळ्यांपुढं अंधारी यायची. तोंड लालबुंद. सासूबाई म्हणाल्या, "अंगात रगत चढलंय," आणि आमच्या बाळापुराहून गाडी जुंपून मला वसमतला हकीमसाहेबांकडं घेऊन गेल्या. म्हातारे, भले गृहस्थ. नाडी पाहून म्हणाले, हाताची शीर उघडून थोडं रक्त काढू. मग सासूबाईंना विचारलं, "बहू पेट से तो नहीं?"

"न्हाई हो! धा दिसाखाली तर बाहेर बसली व्हती."

गरोदर बाईचं रक्त काढत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. बोलले तर नवस मोडणार, देव कोपणार, लेकरू जाणार. गप्प बसले तर ते रक्ताबरोबर जाणार. कोपराच्या वर पट्टी आवळली, मुठीत दांडका दिला, शीर टरारून वर आली. हकीमसाहेब शीर उघडायचं नश्तर पुसत होते. मी हात मागं ओढून घेतला, तेव्हा त्यांनी मेंढ्या बाहेर ठेवून ओसरीवर औषधासाठी बसलेल्या एका धनगरणीला मला मागून धरायला सांगितलं. मी डोळे मिटले. नामदेवा, आता तूच बघ, माझ्यानं काही होत नाही, एवढंच मनात आलं.

त्या अनोळखी बाईनं मागून कंबरेला मिठी घातली. तिचा हात माझ्या पोटावर थांबला. कानाशी हळूच म्हणाली, "पोरी, कितवा?" मला हुंदकाच फुटला.

"थांबा हकीमसाब! काय करून राहिले तुमी? हिला दिवस हायेत. जल्मभर मेंढ्या सांभाळल्या म्या, मला कळत न्हाई व्हय?"

हकीमसाहेबांनी कानाला हात लावला आणि नश्तर खाली ठेवलं. मी चपराकीची वाट बघत होते. सासूबाई जवळ आल्या, गाठ सुटेना म्हणून पट्टी दातांनी सोडवली आणि दंड चोळता चोळता रडायला लागल्या. "काहून सांगितलं न्हाईस गं? मी काय वैरीण हाय तुझी?" मी धनगरणीच्या पाया पडायला वळले, तर ती आपल्या कळपामागं निघून गेली होती. तिचं गाव विचारायचंही राहिलं.

मुलगी झाली, चांगली ठणठणीत. त्या बाईला कुणी पाठवलं, हा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळतं, की शब्द मोडू नये म्हणून मी पोटातलं लेकरू द्यायला निघाले होते. देवाला मी सासूपेक्षा कडक समजत होते, आणि ओळखलं दोघांनाही नव्हतं. आता नरसीला गेले की कसला नवस बोलत नाही. त्याच्यापुढं बसते आणि मनात असेल ते सगळं सांगून टाकते.